संमतीची सही कोण घेते? सक्तीचा गर्भपात आणि अखेरच्या आजारातील निर्णय

सांजवात (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न मांडण्याआधी माझी भूमिका सांगून टाकते, म्हणजे कोणाला ती शोधत बसावी लागणार नाही. गर्भातला जीव आणि मरणाच्या दारातला जीव, दोन्ही संरक्षणास पात्र आहेत, असे मी मानते. ही भूमिका काही अंशी श्रद्धेतून आलेली आहे आणि बरीचशी कामातून. काही वर्षे मी एका समुपदेशन केंद्रात फोन करणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम केले. गर्भपात कायदेशीर असावा की नसावा, हा वाद येथे अनेकदा झालेला आहे आणि तो पुन्हा उघडण्याचा माझा हेतू नाही. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे.

त्या कामात बोलणारीच्या क्रियापदाकडे लक्ष देण्याची मला सवय लागली. 'मी गर्भपात केला' असे सांगणाऱ्या काही जणी असत, 'करून घेतला' म्हणणाऱ्या असत, आणि 'करायला लावला' म्हणणाऱ्याही असत. या तिसऱ्या प्रकारातील स्त्रीला कोणी हात बांधून नेलेले नसे. 'मूल ठेवायचे असेल तर या घरात राहू नकोस' असे जोडीदाराने म्हटलेले असे, किंवा 'तुझ्या शिक्षणाचा खर्च यापुढे आमच्याकडून होणार नाही' एवढेच आईवडिलांनी शांतपणे सांगितलेले असे, किंवा वरिष्ठांनी कराराची मुदत वाढवण्याचा विषय नेमका त्याच आठवड्यात काढलेला असे. संमतीच्या कागदावर मात्र तिघींच्या सह्या अगदी सारख्या दिसतात.

दुसरा प्रसंग माझ्या घरातला आहे. वडिलांच्या अखेरच्या आजारात 'पुढचे उपचार चालू ठेवायचे का?' हा प्रश्न डॉक्टरांनी मला खोलीबाहेर उभे करून विचारला. वडील त्या वेळी जागे होते आणि शुद्धीवर होते. आदल्या रात्री ते मला म्हणाले होते, 'तुम्हाला आणखी किती दिवस अडकवून ठेवू?' ही त्यांची इच्छा होती की आम्हाला दिलेला दिलासा होता, हे मला त्या वेळी कळले नाही आणि आजही सांगता येत नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. संमती दबावाखाली दिली गेली आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली आहे का? अखेरच्या काळात उपचार थांबवणे आणि जीव घेणे यांच्यामधली रेषा, माझ्यासारख्या जीवनाच्या बाजूने बोलणाऱ्या व्यक्तीने, कोठे ओढावी? आणि हे दोन्ही प्रश्न मला एकाच प्रश्नाची दोन टोके वाटतात, ते बरोबर आहे का?

कलमनवीस

मी वकील आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते बोलतो. भारतातील कायदा मला ठाऊक आहे. तोच उदाहरण म्हणून घेतो, कारण कागदावर तो बराच कडक आहे आणि तरीही तुम्ही म्हणता ती फट त्यात शिल्लक आहे.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की गर्भवती स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. नवऱ्याची किंवा सासरच्यांची संमती कायदा मागत नाही, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. स्त्रीच्या संमतीविना गर्भपात घडवून आणणे हा त्याहून कितीतरी जुना गुन्हा आहे. १८६० च्या दंड संहितेत तो कलम ३१३ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ८९ मध्ये आहे, आणि शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतचा कारावास, शिवाय दंड, इतकी मोठी आहे. त्यातही इजा होण्याच्या भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे जुन्या संहितेचे कलम ९० सांगत असे आणि नव्या संहितेचे कलम २८ सांगते. अट एवढीच की संमती घेणाऱ्याला ती भीती ठाऊक असली पाहिजे, किंवा ठाऊक असायला सबळ कारण असले पाहिजे.

या अटीत सगळी गोम आहे. डॉक्टरने विचारलेच नाही तर त्याला ठाऊक होणार नाही, आणि ठाऊक नसेल तर तो निर्धास्त राहतो. गर्भपाताच्या संमतीचा जो ठरलेला नमुना आहे, ज्याला नमुना 'क' म्हणतात, त्यात स्त्रीचे नाव, वय, पत्ता आणि 'मी संमती देत आहे' एवढा मजकूर असतो. तिला एकटीला विचारले का, सोबत आलेल्या व्यक्तीला बाहेर बसवले का, यासाठी त्यात एकही रकाना नाही. न विचारणाऱ्याला फायदा देणारा नियम असला की विचारणारे कमी होतात, हे सांगायला वकील लागत नाही.

न्यायालयांकडे पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन हा २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्ही अवश्य वाचावा. शासकीय संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका अनाथ तरुणीवर त्या संस्थेतच बलात्कार झाला आणि ती गर्भवती राहिली. प्रशासनाला गर्भपात करायचा होता, उच्च न्यायालयाने तशी परवानगीही दिली होती. तिला मात्र मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मूल जन्माला घालणे आणि न घालणे हे दोन्ही स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहेत, आणि बौद्धिक अपंगत्व म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेला मानसिक आजार नव्हे, म्हणून तिची संमती डावलून पालक या नात्याने राज्याला निर्णय घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. जून २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये जवळजवळ असाच प्रसंग घडला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या, बावीस आठवड्यांच्या गर्भवतीचा गर्भपात करण्याचा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता आणि अपील न्यायालयाने तो रद्द केला. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्ये आता अशा कृत्यासाठी सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची स्वतंत्र तरतूद आहे, जरी तीव्र अपंगत्वाच्या बाबतीत पालकाची संमती आणि डॉक्टरचे मत यांचा अपवाद तिने ठेवला आहे.

पण हे दोन्ही निकाल कशामुळे शक्य झाले, ते पाहा. गर्भपात करू पाहणारी यंत्रणा सरकारी होती, म्हणून कागद न्यायालयापर्यंत पोहोचला. घरातला दबाव न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही, कारण तिथे सही झालेली असते. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत तर कायदा पालकाची लेखी संमती मागतो. मुलीला मूल हवे असेल आणि पालकाला नको असेल तर काय करायचे, याचे उत्तर त्या कलमात नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचे स्वतःचे मतही विचारात घेतले पाहिजे असे म्हटले, हे त्यातल्या त्यात चांगले झाले.

अर्धविराम

मूळ प्रश्न सचोटीने विचारला आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. मी तुमच्या बाजूचा नाही. गर्भपाताचा निर्णय स्त्रीचा असावा, असे मी मानतो, आणि नेमक्या त्याच कारणासाठी 'करायला लावला' या वाक्याने तुमच्याइतकाच अस्वस्थ होतो. चीनमध्ये एक अपत्य धोरणाच्या काळात काय घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये शांशी प्रांतात सात महिन्यांच्या गर्भवतीचा, चाळीस हजार युआनचा दंड भरता आला नाही म्हणून, बळजबरीने गर्भपात केला गेला. तिच्या शेजारी ठेवलेल्या मृत अर्भकाचे छायाचित्र इंटरनेटवर पसरले तेव्हा कोठे अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. स्त्रियांवरील हिंसाचार रोखण्यासाठी झालेल्या, युरोपातील इस्तंबूल कराराचे कलम ३९ सक्तीच्या गर्भपाताला सक्तीच्या नसबंदीच्या शेजारी बसवते आणि दोन्ही गुन्हे ठरवते. स्त्रीवादी संघटनांनी या कराराचा हिरिरीने पुरस्कार केला आहे. म्हणजे हा मुद्दा काही एकट्या तुमच्या गोटाचा नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. जीवनाच्या बाजूने बोलणारे लोक सक्तीबद्दल बोलतात तेव्हा ते एकाच दिशेची सक्ती मोजतात. रुमानियात १९६६ च्या ७७० क्रमांकाच्या फर्मानाने गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद केला. पुढे कारखान्यांमध्ये कामगार स्त्रियांच्या गर्भतपासण्या होऊ लागल्या, आणि डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळेपर्यंत चोरून केलेल्या गर्भपातांत असंख्य स्त्रिया दगावल्या. त्या स्त्रियांना 'मूल जन्माला घालायला लावले' गेले. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये सविता हलप्पनवार या भारतीय दंतवैद्य स्त्रीचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेले होते. तिने स्वतः गर्भपाताची विनंती केली, गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली, आणि जंतुसंसर्गाने तिचा मृत्यू झाला. तिच्या संमतीला त्या दिवशी काय किंमत होती? तुमच्या क्रियापदांच्या यादीत 'करू दिला नाही' हे चौथे क्रियापद घातले तर ती यादी मला मान्य आहे.

सांजवात

अर्धविराम, चौथे क्रियापद मी घालते. सविता यांच्या बाबतीत माझी भूमिका मांडणाऱ्या पुष्कळ लोकांनी तेव्हा मौन पाळले, आणि ते मौन मला त्या वेळीही लाजिरवाणे वाटले होते. आईचा जीव वाचवण्यासाठी केलेला उपचार गर्भाच्या जिवावर बेतत असेल तर तो उपचार करावाच, असे जीवनाच्या बाजूचे बहुतेक गंभीर विचारवंत मानतात. तेथे डॉक्टरने वाट पाहत बसणे हे कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

परंतु एका बाबतीत मी मागे हटत नाही. मला फोन करणाऱ्या बायकांपैकी 'करू दिला नाही' म्हणणाऱ्यांना आपली तक्रार कोठे न्यायची, हे ठाऊक असे. 'करायला लावला' म्हणणाऱ्यांना आपल्यावर अन्याय झाला आहे हे म्हणण्याचीच चोरी असे, कारण जगाच्या दृष्टीने त्यांना त्यांचा हक्क मिळालेला होता. दुःख व्यक्त केले तर एक बाजू त्यांना पापी म्हणणार आणि दुसरी बाजू म्हणणार की निर्णय तुझाच होता. त्या दोन्ही बाजूंच्या मधे उभ्या असत, आणि म्हणूनच बहुधा अनोळखी माणसाला फोन करत असत.

निशापाळी

मी उपशामक उपचारांच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, ज्याला आपण पॅलिएटिव्ह केअर म्हणतो त्या विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. सांजवात यांनी क्रियापदांपासून सुरुवात केली, मी दोन नामांपासून करते.

मराठीत आपण 'इच्छामरण' म्हणतो आणि 'दयामरण'ही म्हणतो, आणि बातम्यांमध्ये हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. इच्छा मरणाऱ्याची असते, दया दुसऱ्या कोणाची तरी असते. अरुणा शानबाग या परिचारिकेच्या प्रकरणात हा फरक पणाला लागला होता. १९७३ मधील हल्ल्यानंतर त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात पडून होत्या आणि स्वतःची इच्छा सांगण्याच्या स्थितीत नव्हत्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशी याचिका रुग्णालयाबाहेरील एका पत्रकार लेखिकेने केली होती, आणि त्यांना भरवणाऱ्या, अंग पुसणाऱ्या परिचारिकांना ते मान्य नव्हते. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याला उच्च न्यायालयाच्या परवानगीने तत्त्वतः वाट करून दिली, पण या प्रकरणात याचिका फेटाळली, आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आहे असे ठरवले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता, याची निकालात नोंद आहे. आमच्या पेशातल्या माणसाला त्या एका वाक्यात किती रात्री आहेत ते कळते. त्या १८ मे २०१५ रोजी गेल्या.

आता रेषेबद्दल. जीवनाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाने शेवटच्या श्वासापर्यंत प्रत्येक यंत्र चालू ठेवण्याचा आग्रह धरलाच पाहिजे, हा गैरसमज आहे, आणि तो त्या बाजूच्या लोकांतही आहे. कॅथलिक परंपरा या विषयात सर्वांत कडक समजली जाते. तरी पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले होते की रुग्णावर असाधारण उपाय लादण्याचे बंधन नाही. आम्ही रुग्णशय्येशी हाच फरक जास्त साध्या शब्दांत करतो. या उपचाराने माणसाला काही मिळते आहे का, की फक्त मरण लांबते आहे? उपचार निरुपयोगी किंवा असह्य झाला म्हणून थांबवला तर माणूस त्याच्या आजाराने जातो. माणूस नकोसा झाला म्हणून उपचार थांबवला तर तो आपल्या निर्णयाने जातो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा व्हेंटिलेटरचे तेच बटण दिसते. आत काय चालले आहे हे नोंदीत लिहिलेल्या कारणावरून बहुतेक वेळा कळते, आणि 'रुग्णाचे जगणे' हा शब्द कारणाच्या रकान्यात आला की मी सावध होते, कारण तेथे 'रुग्णावरील उपचार' असे लिहिलेले असायला हवे.

मॉर्फिनबद्दलची भीतीही येथेच दूर करते, कारण जीवनाच्या बाजूचे काही नातेवाईक त्याला चोरून दिलेले विष समजतात. वेदनेच्या मानाने मोजून वाढवलेल्या मात्रेने मरण जवळ येत नाही. उलट वेदना आटोक्यात आल्यावर माणूस झोपतो, बोलतो, दोन घास खातो. आधुनिक हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातील माणसांची काळजी घेणाऱ्या केंद्रांच्या, चळवळीची सुरुवात करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले ते याच विश्वासावर, आणि त्या स्वतः इच्छामरणाच्या ठाम विरोधात होत्या.

तुमच्या वडिलांच्या वाक्याकडे येते. 'मला सोडवा' हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना बोलावले होते. एका वयस्क बाईंनी सलग तीन रात्री मला असे म्हटले, आणि दिवसा मुले भोवती असताना त्यांनी कधी ते म्हटले नाही. चौथ्या रात्री मी खुर्ची ओढून बसले आणि कशापासून सोडवू, असे विचारले. त्या म्हणाल्या की पहाटे तीन वाजता दुखणे वाढते, आणि लेकाला उठवले तर त्याला सकाळी कामावर जायचे असते. आम्ही रात्रीच्या औषधाची वेळ बदलली. त्यानंतर त्या साडेपाच आठवडे जगल्या आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले नाही. प्रत्येक वेळी असेच घडते, असे मी म्हणणार नाही. काही जण सगळे काही नीट असतानाही तेच म्हणतात, आणि विचारपूर्वक म्हणतात. पण खुर्ची ओढून बसल्याशिवाय हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत, आणि रुग्णालयात सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे खुर्ची ओढून बसण्याइतका वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक उपचारांची गरज असते आणि त्यांच्यापैकी जेमतेम १४ टक्क्यांना ते मिळतात. उरलेल्यांपैकी कोणी 'मला मरण हवे' म्हणाला तर तो निवड करतो आहे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दबाव आणण्यासाठी कोणी दुष्ट असावे लागते असेही नाही. इंग्लंडमध्ये 'लिव्हरपूल केअर पाथवे' नावाची पद्धत चांगल्या हेतूने सुरू झाली. हॉस्पिसमधली काळजी साध्या रुग्णालयात न्यायची, एवढाच तिचा उद्देश होता. पुढे ती खुणा करण्याची यादी बनली. रुग्णाला या पद्धतीत टाकल्याचे घरच्यांना सांगितलेच गेले नाही, पाणी मागणाऱ्याला पाणी नाकारले गेले, अशा तक्रारी आल्या, आणि ठरावीक संख्या गाठल्याबद्दल रुग्णालयांना पैसे मिळत होते हेही उघड झाले. २०१३ मधील नॉयबर्गर समितीच्या अहवालानंतर ती पद्धत बंद करण्यात आली. तिच्यात काम करणाऱ्या परिचारिका माझ्यासारख्याच असणार, हे मला विसरता येत नाही.

चाकांवरून

मी व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे हा विषय मला सैद्धान्तिक वाटत नाही. थोडक्यात लिहितो.

कॅनडात २०१६ मध्ये वैद्यकीय मदतीने मरण कायदेशीर झाले तेव्हा मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असण्याची अट होती. २०२१ मध्ये ती अट काढली गेली. आता मरण जवळ नसलेल्या, पण गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेल्या माणसालाही अर्ज करता येतो. फक्त तपासणीसाठी किमान ९० दिवसांचा काळ ठेवला आहे. अपंगांच्या संघटनांनी या बदलाला जोरदार विरोध केला, आणि त्या विरोधात धर्माचा फारसा संबंध नव्हता. त्यांचे म्हणणे असे की आमच्याइतकेच दुःख असलेला धडधाकट माणूस 'मला मरायचे आहे' म्हणाला तर त्याला वाचवायला लोक धावतात आणि आम्ही म्हणालो तर आम्हाला अर्ज देतात. काही माणसांना घराचा दरवाजा रुंद करून मिळण्यासाठी ९० दिवसांहून जास्त काळ थांबावे लागते.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात असा कायदा १९९७ पासून आहे आणि तेथील आरोग्य खाते दरवर्षी अर्जदारांची कारणे प्रसिद्ध करते. पहिल्या क्रमांकांवर स्वायत्तता गमावणे आणि आवडत्या गोष्टी करता न येणे ही कारणे असतात. वेदना किंवा वेदनेची भीती यांच्या बरीच खाली असते, 'घरच्यांवर ओझे होणे' याच्याही खाली. स्वायत्तता गमावणे म्हणजे दुसऱ्याने आंघोळ घालणे. मला एकविसाव्या वर्षापासून दुसरे कोणीतरी आंघोळ घालते. जे कारण इतरांना मरण मागण्याइतके मोठे वाटते ती माझी रोजची सकाळ आहे, हे वाचताना कसे वाटते याची कल्पना करून पाहा.

आणि २०२० च्या साथीत इंग्लंडमध्ये 'हृदय बंद पडल्यास पुन्हा सुरू करू नये' असे शेरे काही वृद्धांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या कागदांवर त्यांना न विचारता लिहिले गेले, हे तेथील आरोग्यसेवेच्या नियामक संस्थेनेच पुढच्या वर्षी मान्य केले. तेथे तर सहीसुद्धा मागितली नव्हती.

अर्धविराम

चाकांवरून, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. इच्छामरणाच्या हक्काबद्दलचे माझे मत त्याने बदलले नाही, कारण पूर्ण शुद्धीत, सर्व उपचार मिळत असताना, विचार करून मरण मागणारी माणसे मला ठाऊक आहेत आणि त्यांच्या तोंडावर दार लावणे मला जमणार नाही. पण कायदा आधी आणि दरवाजा रुंद करण्याचे काम नंतर, हा क्रम चुकीचा आहे, हे मान्य करतो. आजवर मी या दोन्हींकडे स्वतंत्र प्रश्न म्हणून पाहत होतो.

सांजवात

सर्वांचे आभार. निशापाळी, 'कशापासून सोडवू' हा प्रश्न मी वडिलांना विचारला नाही. तो विचारता आला असता, हेही मला आज कळले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तुमच्या सर्वांच्या लिखाणातून मिळते आहे. दोन्ही टोकांना ज्याच्या जिवाचा निर्णय आहे त्याच्यावर, किंवा जिच्या पोटात तो जीव आहे तिच्यावर, सोबतच्या माणसांचेच दडपण असते, आणि इच्छा विचारणारे लोकही तेच असतात. गर्भाला तर विचारताही येत नाही, आणि तेथे माझा आणि अर्धविराम यांचा मतभेद राहणार. तो मी लपवत नाही. पण तिला विचारता येते, आणि तिलाही नीट विचारले जात नाही, एवढ्यावर आम्ही एकत्र उभे राहू शकतो.

कलमनवीस, एक व्यावहारिक शंका. माझी आई आता स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र करू इच्छिते. उपचार कधी थांबवावेत, हे आधीच लिहून ठेवण्याला माझा विरोध नाही, पण तिने ते कोणाच्या धाकाने किंवा आमच्या काळजीपोटी लिहू नये, अशी माझी इच्छा आहे. साक्षीदार आणि नेमलेली व्यक्ती म्हणून मी आणि माझा भाऊ चालतो का? आमच्याशिवाय तिला जवळचे कोणी नाही, आणि तिच्या पश्चात जे काही आहे ते आम्हालाच मिळणार आहे.

कलमनवीस

भारतात वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालाने मान्यता मिळाली आणि २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याची पद्धत सोपी झाली. पूर्वी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत असे, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आईला तिच्या वतीने बोलणारे पालक किंवा जवळचे नातेवाईक म्हणून एकाहून अधिक व्यक्तींची नावे लिहिता येतात, तेथे तुम्ही दोघे चालता. ती निर्णयक्षम असेपर्यंत कागद केव्हाही लेखी रद्द करू शकते किंवा बदलू शकते. प्रत्यक्ष वेळ आली तर केवळ तुमच्या सांगण्यावरून काही थांबत नाही: उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, नंतर बाहेरचा एक डॉक्टर असलेले दुय्यम मंडळ, आणि दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे, अशी रचना आहे.

साक्षीदार दोन लागतात. ते स्वतंत्र असावेत, असे निकालात म्हटले आहे, पण त्याआधी 'शक्यतो' हा शब्द आहे. म्हणजे कायद्याने तुम्ही साक्षीदार म्हणून सही केलीत तरी कागद केवळ त्या कारणाने बाद होईल असे नाही. माझा सल्ला मात्र असा की आईच्या ओळखीचे, पण तिच्याकडून काहीही मिळायचे नसलेले दोघे जण शोधा, आणि ती मजकूर सांगत असेल तेव्हा तुम्ही आणि तुमचा भाऊ त्या खोलीत थांबू नका.